रेडिओने गाणं कसं थांबवलं?

प्रश्न : मुलगा स्टुटगार्टला नोकरीला असतो. उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. म्युनिकला जाताना गाडीत पेनड्राइव्हवर किशोरीताईंचा भूप चालू होता, रेडिओ लावलेलाच नव्हता. मध्येच आलाप तुटला, आवाज वाढला, एक बाई जर्मनमध्ये घाईघाईने चार वाक्यं बोलली आणि भूप पुन्हा सुरू झाला. ती बोलत असतानाच मुलाने गाडी अगदी उजव्या लेनमध्ये घेतली. "समोरून कुणीतरी उलटा येतोय," एवढंच म्हणाला. रेडिओ बंद असताना ही बाई गाडीत शिरली कशी? आणि आपल्या एक्स्प्रेसवेवर असं काही का नाही? — एक वाचिका, निगडी

उत्तर : रेडिओ बंद नव्हता, फक्त ऐकू येत नव्हता. पेनड्राइव्ह चालू असला तरी अशा गाड्यांमधला ट्यूनर वाहतुकीच्या सूचना देणाऱ्या एखाद्या एफएम केंद्राला धरून बसलेला असतो. त्या केंद्रावर काय गाणं लागलंय याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. तो एका खुणेची वाट पाहत असतो आणि ती खूण तुमच्या-आमच्या कानांना ऐकू येत नाही.

एफएम केंद्राचं प्रसारण म्हणजे चाळीची इमारत समजा. तळमजल्यावर, १५ किलोहर्ट्झपर्यंत, आपण ऐकतो तो आवाज राहतो. १९ किलोहर्ट्झवर एक बारीक अखंड सूर असतो, त्यावरून रेडिओला कळतं की प्रसारण स्टिरिओ आहे. त्याच्या वर, २३ ते ५३च्या दरम्यान, डाव्या-उजव्या आवाजातला फरक जातो. त्याच्याही वर, ५७ किलोहर्ट्झवर, एक खोली रिकामी होती. ५७ म्हणजे १९ची बरोबर तिप्पट, त्यामुळे तिथली लहर खालच्या सुराला बांधून ठेवता येते आणि कुणाच्या गाण्यात खरखर येत नाही. सगळा खेळ या वरच्या खोलीतला आहे.

खोली पहिल्यांदा भाड्याने घेतली पश्चिम जर्मनीने. १९७० साली एकट्या पश्चिम जर्मनीत रस्त्यांवर १९ हजारांहून अधिक माणसं गेली होती. वाहतुकीच्या बातम्या रेडिओवर नव्हत्या असं नाही. डॉइचलांडफुंक १९६४पासून त्या देत होतं, आणि १९७१च्या एप्रिलमध्ये बव्हेरियात बायर्न ३ हे केंद्र मुख्यतः वाहनचालकांसाठीच सुरू झालं. अडचण ऐकणाऱ्याची होती. कुणी कॅसेट लावून बसलेला, कुणी दुसऱ्याच केंद्रावर, कुणी आवाज इतका बारीक केलेला की निवेदक पुटपुटतोय असं वाटावं. पुढच्या वळणाच्या पलीकडे गाड्यांची रांग थांबलीय, हे ज्याला कळायला हवं तोच नेमका ऐकत नसायचा.

यावर ब्लाउपुंक्ट कंपनी आणि म्युनिकची प्रसारण-तंत्र संशोधन संस्था यांनी मिळून एक प्रणाली बसवली. १९७४ साली ती सुरू झाली आणि तिच्या जर्मन नावाच्या आद्याक्षरांवरून एआरआय म्हणून ओळखली गेली. (ब्लाउपुंक्ट तेव्हा बॉशच्या मालकीची. नाशिककरांना सांगायचं तर सातपूरच्या मायकोवाल्यांची.) यात तीन खुणा होत्या. ५७ किलोहर्ट्झवर लहर आहे, म्हणजे हे केंद्र वाहतुकीच्या सूचना देतं. त्या लहरीवर एक मंद हेलकावा, म्हणजे हे केंद्र अमुक विभागाचं. देशाचे ए ते एफ असे विभाग पाडलेले होते, आणि महामार्गाच्या कडेच्या निळ्या पाट्यांवर त्या भागातलं केंद्र लिहिलेलं असे. तिसरी खूण कामाची. निवेदक सूचना वाचायला बसला की त्या लहरीला सेकंदाला १२५ वेळा हेलकावा दिला जाई. गाडीतल्या रेडिओत फक्त या १२५ला ओळखणारी छोटी जोडणी असे. तिने खूण पकडली की कॅसेट थांबायची, आवाज ठरलेल्या पातळीवर चढायचा आणि निवेदक बोलू लागायचा. हेलकावा थांबला की कॅसेट पुन्हा चालू.

यात संगणक कुठेच नाही, हे मला फार आवडतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या सुट्या भागांमधून इतकं नेमकं काम करून घेतलंय.

तुमच्या मुलाच्या गाडीत आहे ती याचीच पुढची पिढी, आरडीएस. युरोपीय प्रसारण संघाने १९८०च्या दशकात तिचं प्रमाण ठरवलं आणि बीबीसीने १९८७ साली ती सुरू केली. मुक्काम तोच, ५७ किलोहर्ट्झ. फक्त नवा भाडेकरू जुन्याला त्रास न देता राहील अशी सोय करायची होती, म्हणून आरडीएसची लहर एआरआयच्या लहरीपेक्षा पाव फेऱ्याने मागे-पुढे ठेवली. त्यामुळे जर्मनीत दोन्ही प्रणाल्या कित्येक वर्षं एकाच खोलीत सुखाने नांदल्या. जुनीने २००५ साली जागा सोडली. आरडीएसमध्ये आकडे जातात, सेकंदाला जेमतेम ११८७.५ बिट. आजच्या मोबाइलच्या हिशेबात हे हास्यास्पद आहे. पण वाहतुकीच्या सूचनेला लागतात दोनच बिट. टीपी नावाचं एक बिट सांगतं, 'या केंद्रावर सूचना असतात.' टीए नावाचं दुसरं सांगतं, 'आत्ता या क्षणी सूचना चालू आहे.' टीए शून्यावरून एकावर गेलं की तुमचा भूप थांबतो.

आणखी एक गंमत. गाडी ज्या केंद्राला धरून आहे त्यावरच सूचना असायला हवी असंही नाही. आरडीएसमध्ये एक केंद्र आपल्या भावंड-केंद्रांविषयी खबर देऊ शकतं. इंग्लंडमध्ये बीबीसीचं राष्ट्रीय केंद्र ऐकणारा चालक स्थानिक बीबीसी केंद्रावर सूचना लागताच आपोआप तिकडे नेला जातो आणि सूचना संपली की परत आणून सोडला जातो.

आता मुलाने गाडी उजवीकडे का घेतली ते. जर्मनीत वाहतूक उजव्या बाजूने चालते. चुकीच्या उतारावरून महामार्गावर शिरलेल्या माणसाला बहुतेक वेळा आपण चुकलोय हेच ठाऊक नसतं. सवयीने तो स्वतःच्या उजवीकडे चिकटून चालवतो. त्याची उजवी म्हणजे तुमची डावी, म्हणजेच ओव्हरटेक करणाऱ्यांची, सगळ्यात वेगवान लेन. म्हणून सूचनेत ठरलेलीच वाक्यं असतात : अगदी उजवीकडे राहा, ओव्हरटेक करू नका, धोका टळला की कळवू. तुम्ही १३०ने जाताय आणि समोरचा १००ने येतोय असं धरा. अंतर ताशी २३० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ६४ मीटरने कमी होतंय. दोन किलोमीटर संपायला ३१ सेकंद. ती बाई घाईत का बोलत होती ते यावरून कळावं.

खरी दिरंगाई मात्र लहरींची नसते. टीएचं बिट सेकंदाच्या छोट्याशा भागात गाडीत पोचतं. वेळ जातो तो त्याच्या आधी. कुणीतरी उलटी गाडी पाहतो, ११० फिरवून पोलिसांना कळवतो, पोलीस त्या राज्याच्या वाहतूक-सूचना कक्षाला कळवतात, तिथून मजकूर सगळ्या केंद्रांना जातो, स्टुडिओतला माणूस गाणं तोडतो. प्रत्येकाने लगबग केली तरी मिनिटं जातात. बॉशच्या सांगण्याप्रमाणे उलट्या दिशेच्या प्रवासांपैकी एक-तृतीयांश पहिल्या ५०० मीटरमध्येच संपतात, चांगल्या किंवा वाईट रीतीने. म्हणजे त्या एक-तृतीयांशांसाठी रेडिओची सूचना उशिराच येणार. म्हणून बॉशनेच पुढे दुसरा मार्ग काढला. चालकाच्या फोनची जागा आणि दिशा उतारावरच्या परवानगीच्या दिशेशी ताडून पाहायची, उलट दिसली की त्याला आणि आसपासच्या फोनना सावध करायचं. मधले सगळे फोन कॉल गळाले. पण ज्याच्या फोनमध्ये ते अॅप नाही तो या जाळ्यात नाही. टीएच्या एका बिटाला असली अट नव्हती.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माणसाला विचारल्याविना त्याचं गाणं तोडण्याचा अधिकार ही फार मोठी चीज आहे, आणि तो कोण वापरतो, किती वेळा वापरतो, यावर या यंत्राची सगळी किंमत ठरते. केंद्र सूचना संपल्यावर टीए खाली आणायचं विसरलं तर गाडीभर जाहिराती ओरडत राहतात. असं होतं, आणि दोन-तीनदा झालं की चालक टीए कायमचं बंद करून टाकतो. मग त्याच्यासाठी उलटी गाडीही नाही आणि पुढचा अपघातही नाही. वाहतुकीच्या रांगेची सूचना आणि उलट्या गाडीची सूचना एकाच बिटावरून येते, हा मला या प्रणालीचा खरा दोष वाटतो. आरडीएसमध्ये निव्वळ आणीबाणीसाठी राखलेला ३१ क्रमांकाचा वेगळा संकेत आहे, पण रोजच्या रस्त्यावर राज्य टीएचंच.

अधिकाराची दुसरी बाजूही आहे. आरडीएसवरूनच टीएमसी नावाने वाहतुकीची मूक माहिती थेट नॅव्हिगेशनच्या पडद्यावर पाठवली जाते. प्रसंगांची यादी ठरलेली, ठिकाणांची यादी ठरलेली, हवेतून फक्त क्रमांक जातात. आंद्रेआ बारिसानी आणि दानिएले बियांको या दोन इटालियन सुरक्षा-संशोधकांनी २००७ साली साध्या सामानातून छोटा प्रक्षेपक जोडून दाखवून दिलं की हे क्रमांक कुणीही पाठवू शकतं आणि गाडी ते निमूट मानते. यादीत बैलांच्या झुंजीपासून दहशतवादी घटनेपर्यंत सगळ्याला क्रमांक आहे, आणि त्यांनी ते पडद्यावर उमटवूनही दाखवले. पाठवणारा खरा की खोटा हे तपासायची सोयच ठेवलेली नव्हती.

राहिला आपला एक्स्प्रेसवे. यंत्राच्या दृष्टीने आपण फार दूर नाही. आपल्या गाड्यांच्या स्टिरिओवर केंद्राचं नाव झळकतं ते आरडीएसमुळेच, आणि बऱ्याच स्टिरिओंच्या मेन्यूत टीए हा पर्यायही असतो. कुणी चुकून लावला तर टीपी असलेलं केंद्र न सापडल्यामुळे स्टिरिओ शोधतच बसतो आणि मग मालक 'रेडिओ बिघडला' म्हणून दुकान गाठतो. कायद्याचीही आडकाठी नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण २०११च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने वाहतूक आणि हवामानाची माहिती बातमीच्या व्याख्येबाहेर काढली. निवेदक 'वाकडला जॅम आहे मित्रांनो' असं बिनधास्त सांगतो ते त्यामुळेच. नाही ती मधली साखळी. घाटात दरड आली की महामार्ग पोलिसांकडून ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या मिनिटांत स्टुडिओत निरोप येणं आणि स्टुडिओत त्यासाठी कुणीतरी बांधील असणं. शिवाय आपल्याकडे उलट्या दिशेने येणाऱ्या प्रत्येक दुचाकीसाठी गाणं तोडायचं ठरवलं, तर पुण्यात कुणाचा भूप आलापाच्या पुढे सरकणार नाही.

आपण बहुधा हा टप्पा ओलांडूनच जाऊ. २०२३ साली लाखो मोबाइल एकाच वेळी कर्कश वाजले आणि अर्ध्या लोकांना फोन हॅक झाला असं वाटलं, ती सरकारी सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. तत्त्व टीएचंच : टॉवरच्या टापूत जो असेल त्याला, विचारल्याविना. जर्मनीनेही आर नदीच्या २०२१च्या पुरानंतर धडा घेऊन २०२३मध्ये हीच सोय सुरू केली. डॉइचलांडफुंकने तर रोजच्या वाहतुकीच्या बातम्या २०२०मध्येच थांबवल्या. रांग किती लांब आहे ते आता फोनच सांगतो.

प्रश्न : न्यू जर्सीत मेव्हण्याच्या गाडीत काचेला एक डबी लावलेली पाहिली. पोलिसांचं रडार जवळ आलं की ती वाजते म्हणे. पण एकदा ती वाजली तेव्हा पोलीस कुठेच नव्हते, रस्त्याचं काम चालू होतं. डबी बिघडली होती का? — एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. डबी फसवली गेली होती, आणि बहुधा सरकारनेच फसवली होती.

पोलिसांचं रडार गाडीवर सूक्ष्मलहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरीची वारंवारता किती बदलली त्यावरून वेग काढतं. २४.१५ गिगाहर्ट्झच्या रडारला ताशी १ किलोमीटरमागे सुमारे ४५ हर्ट्झचा फरक दिसतो; १००ने चाललेली गाडी जवळजवळ साडेचार हजार हर्ट्झचा फरक दाखवते. डबीचं काम यापेक्षा सोपं आहे. पोलिसांच्या लहरीला जाऊन परत यावं लागतं, डबीला फक्त जाणारी लहर पकडायची असते. परतीच्या प्रवासात लहर इतकी क्षीण होते की पोलिसांना वेग दिसायच्या कितीतरी आधी डबी ओरडलेली असते. १९७४मध्ये अमेरिकेने तेल वाचवण्यासाठी देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली आणि या डब्यांचा धंदा फुलला. व्हर्जिनिया राज्यात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये त्या वापरायला बंदी आहे; अवजड व्यापारी वाहनांना तर सगळ्या देशात.

मग काही रस्ते-अभियंत्यांच्या डोक्यात आलं की जोरात चालवणाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने स्वतःच्या गाडीत धोक्याची घंटा बसवून घेतलीय, तर ती आपण का वाजवू नये? कामाच्या जागी पोलिसाविना नुसता रडार-प्रक्षेपक ठेवायचा. डब्या किंचाळतात, डबीवाले ब्रेक मारतात, मागच्यांनाही हळू व्हावं लागतं. खड्डे बुजवणाऱ्या माणसाच्या पाठीमागून जाणारी गाडी थोडी हळू झाली तरी त्याच्यासाठी ते पुष्कळ असतं. वेग खरोखर थोडाच उतरतो, हेही सांगायला हवं.

याची सभ्य आवृत्ती १९९०च्या दशकात निघाली, सेफ्टी वॉर्निंग सिस्टीम. जॉर्जिया टेकच्या संशोधन संस्थेने डबी बनवणाऱ्यांच्या साथीने ती तयार केली. प्रक्षेपक त्याच पट्ट्यात ठरलेल्या ६४ संदेशांपैकी एक पाठवायचा आणि नव्या डबीच्या छोट्या पडद्यावर पुढे काम, पुढे धुकं, पुढे थांबलेली रुग्णवाहिका असं काहीतरी उमटायचं. कल्पना उत्तम, पण पसरली नाही. प्रक्षेपक सरकारने घ्यायचे आणि डब्या पोलिसांना चकवू पाहणाऱ्यांनी, असं ते जुगाड होतं. शिवाय ज्या ट्रकला धुक्यात सूचनेची सगळ्यात जास्त गरज, त्याला डबी ठेवायचीच परवानगी नाही. उरलेलं काम नव्या गाड्यांनी पुरं केलं. शेजारची लेन पाहणारे त्यांचे सेन्सर २४ गिगाहर्ट्झच्याच आसपास बोलू लागले आणि दर दुसऱ्या गाडीपाशी डबी वाजू लागली. मॉलच्या आपोआप उघडणाऱ्या दारांपाशी ती आधीपासूनच वाजत होती. आता तुमचा मेव्हणा ती वाजली की आधी वेग कमी करतो की आधी तिचा आवाज बंद करतो, हे पुढच्या खेपेला बघून ठेवा.

प्रश्न : एसी चालू, काचा बंद, गाणी मोठ्याने. मागे रुग्णवाहिका कोकलत असते आणि पुढच्याला पत्ताच नसतो. रेडिओवरून गाणं थांबवणारं तंत्र इथे वापरता नाही येणार? — एक वाचक, ठाणे

उत्तर : स्टॉकहोममध्ये वापरून पाहिलंय. तिथल्या केटीएच या तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१७च्या सुमारास ईव्हीएएम नावाची प्रणाली केली. रुग्णवाहिकेतच छोटा एफएम प्रक्षेपक. तो आरडीएसची खूण सोडतो, पुढच्या गाड्यांमधलं गाणं थांबतं, 'मागून रुग्णवाहिका येतेय' असा आवाज येतो आणि पडद्यावर तेच लिहून येतं. कर्त्यांनी वेळेचा विचार नीट केलाय. महामार्गावर वेग जास्त म्हणून सूचना आधीपासून, शहराच्या तुंबलेल्या रस्त्यावर उशिरा. चालकाला साधारण दहा-पंधरा सेकंद मिळावेत हा बेत. फार आधी सांगितलं तर तो आरशात बघतो, काही दिसत नाही आणि विसरून जातो.

रस्त्यावरच्या दोन-तृतीयांश गाड्यांपर्यंत हे पोचेल असा त्यांचा अंदाज होता, अर्थात स्वीडनच्या रस्त्यावर. आपल्याकडे नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत. घोडबंदर रोडवर रुग्णवाहिकेच्या पुढ्यात जे असतात त्यांत स्कूटर, रिक्षा आणि रस्ता ओलांडणारे पायी लोकच जास्त, आणि त्यांच्यापाशी थांबवायला गाणंच नाही. प्रक्षेपक बसवला तरी सायरन काढता येणार नाही.